बाहेर जाणाऱ्या ई-मेलवर नाव कोणाचे?

हल्ली वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वी या भागांतील आपल्या बऱ्याच व्यापारी बांधवांची बिले, कोटेशने आणि खातेउतारे ई-मेलने जाऊ लागले आहेत. किरकोळ गिऱ्हाइकाचे काम मोबाइलवरील निरोपाने भागते हे खरे. पण शाळा, वसतिगृहे, इस्पितळे, सरकारी कचेऱ्या आणि बाहेरगावच्या मोठ्या पेढ्या यांच्याशी व्यवहार म्हटला की ई-मेल आलाच. बटण दाबले, मेल गेला, असे आपण समजतो. तो गेला खरा, पण कोणाच्या नावाने गेला हे फार थोडे लोक पाहतात. आणि पैसे अडकतात ते नेमके येथेच.

आमच्या पाहण्यातील एक उदाहरण घ्या. वर्ध्यातील एका ठोक कापड पेढीने एका शिक्षणसंस्थेला गणवेशाचे कापड पुरवले. माल पोचला, पोच मिळाली, मार्चअखेर जवळ आली. पेढीत तीन संगणक होते, एक काउंटरवर, एक गोदामात आणि एक हिशेबनिसाकडे. बिले आपोआप जावीत म्हणून एका जुन्या संगणकावर लिनक्स टाकून पेढीने स्वतःचा मेल सर्व्हर बसवून घेतला होता. हिशेबाचा प्रोग्राम बिल तयार करी आणि सर्व्हर ते रवाना करी. महिना गेला तरी पैसे नाहीत. विचारणा केली तर उत्तर आले की तुमचे बिलच मिळालेले नाही. इकडे हिशेबाच्या प्रोग्राममध्ये बिलापुढे 'पाठवले' अशी खूण! शेवटी सर्व्हरची नोंदवही, जिला लॉग म्हणतात, ती उघडल्यावर उलगडा झाला. मेल निघाला होता तो 'हिशेब@गोदाम.लोकल' या नावाने. आता इंटरनेटच्या दुनियेत 'गोदाम.लोकल' नावाचे ठिकाणच नाही. ते नाव फक्त दुकानाच्या चार भिंतींत चालते. संस्थेच्या सर्व्हरने पाठवणाऱ्याचे ठिकाण शोधले, सापडले नाही, म्हणून मेल दारातूनच नाकारला. नकाराची चिठ्ठी त्या जुन्या संगणकातल्याच एका टपालपेटीत पडत राहिली, आणि ती पेटी उघडणारा कोणी नव्हता. तोवर संस्थेची त्या वर्षाची तरतूद संपली. पेढीचे पैसे पुढच्या तरतुदीवर गेले आणि तिकडे भिवंडीचा माल देणारा मात्र ठरल्या तारखेला तगाद्याला उभा.

यात कोणी लबाडी केली नाही, माल वाईट नव्हता, भावात वाद नव्हता. फक्त लिफाफ्यावर घरातले नाव लिहिले गेले. यावर जो उपाय आहे त्याला संगणकवाले 'हेडर रिरायटिंग' म्हणतात. मेल दुकानाच्या दारातून बाहेर पडताना त्याच्या माथ्यावरचे आतले नाव काढून बाहेरचे, सर्वांना ओळखीचे नाव घालणे, एवढाच त्याचा अर्थ. हे काम संगणक दुरुस्त करणाऱ्या मुलावर सोपवले तरी चालेल, पण तो काय करतो आहे हे दुकानदाराला कळले पाहिजे.

लिफाफा वेगळा, लेटरहेड वेगळे

कागदी पत्रावर पाठवणाऱ्याचे नाव दोन ठिकाणी असते. लिफाफ्याच्या कोपऱ्यात 'प्रेषक' म्हणून, आणि आतल्या लेटरहेडवर. पोस्टमन लिफाफा पाहतो, वाचणारा लेटरहेड पाहतो. पत्र परत आले तर ते लिफाफ्यावरच्या प्रेषकाकडे येते. ई-मेलचेही हुबेहूब तसेच आहे. सर्व्हर एकमेकांशी बोलताना जो पत्ता सांगतात तो लिफाफ्यावरचा. मेल पोचल्यावर तो 'रिटर्न-पाथ' या ओळीत दिसतो. वाचणाऱ्याला जो दिसतो तो 'फ्रॉम' या ओळीतला, म्हणजे लेटरहेडवरचा. याशिवाय 'रिप्लाय-टू' अशी एक ओळ घालता येते. तिचा अर्थ, उत्तर द्यायचे तर या पत्त्यावर द्या. बिल संगणकाने पाठवले तरी उत्तर मुनीमजींकडे यावे असे वाटत असेल तर ती ओळ उपयोगाची.

या तिन्ही जागा स्वतंत्र आहेत. एक बदलली म्हणून दुसरी आपोआप बदलत नाही. बरेच जण हिशेबाच्या प्रोग्राममध्ये 'फ्रॉम'चे नाव नीट भरतात आणि निश्चिंत होतात. लिफाफ्यावर मात्र संगणकाचे आतले नाव तसेच राहते. वरच्या उदाहरणात संस्थेच्या सर्व्हरने लेटरहेड वाचलेच नव्हते, लिफाफा पाहूनच परत केले होते.

पत्र कोणाकडून आले हे आधी कळले पाहिजे, मजकूर नंतर, ही रीत फार जुनी. कुरआन शरीफच्या सूरह नम्लमध्ये हजरत सुलैमान (अलै.) यांचे पत्र सबाच्या राणीला मिळते, तेव्हा दरबाऱ्यांना ती आधी पत्र कोणाकडून आले ते सांगते आणि मग मजकुराकडे वळते. आजचा सर्व्हरही हेच करतो. पाठवणाऱ्याची खात्री पटली तर पुढे वाचायचे, नाही तर दार बंद.

पुलगावचे जंक्शन आणि जुहूचे दार

नाव बदलून टपाल पुढे पाठवण्याची ही पद्धत काही आजची नाही. आपल्या जिल्ह्यातील जुन्या व्यापाऱ्यांना पुलगाव-आर्वीची लहान रुळांची गाडी आठवत असेल. आर्वीहून निघालेला माल मुंबईला जायचा तर पुलगावला उतरवून मोठ्या रुळांच्या गाडीत चढवावा लागे, कारण लहान गाडीला मोठ्या रुळावर जागा नाही. ई-मेलच्या सुरुवातीच्या काळातही असेच वेगवेगळ्या मापाचे रूळ होते. एका जाळ्यातला पत्ता दुसऱ्या जाळ्याला समजत नसे. टेलिफोनवरून चालणाऱ्या एका जाळ्यात तर पत्ता म्हणजे वाटेतल्या मुक्कामांची यादीच असे. अमुक संगणकाकडे द्या, तेथून तमुककडे, तेथून फलाण्याकडे, आणि प्रत्येक नावाच्या मध्ये उद्गारचिन्ह. दोन जाळी जेथे मिळत तेथे दारावरचा संगणक पत्ता नव्या जाळ्याच्या रीतीने लिहून घेई आणि मगच टपाल पुढे सोडी.

भारतात असे मोठे दार महाराष्ट्रातच होते. मुंबईत जुहूला नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही सरकारी संस्था होती. पुढे २००३ साली ती सी-डॅकमध्ये सामील झाली. १९८६ साली शिक्षण व संशोधन संस्थांसाठी 'अर्नेट' हे जाळे उभारण्याचे काम सुरू झाले, त्यात ही संस्था, आयआयटी आणि बंगलोरची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स यांचा समावेश होता. परदेशाशी ई-मेलची देवाणघेवाण जुहूच्या संगणकावरून होई. त्या संस्थेचे प्रमुख श्रीनिवासन रमाणी यांचे नाव २०१४ साली इंटरनेटच्या जागतिक सन्मान-यादीत, इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये, घेतले गेले. तुमच्या-आमच्यासारख्यांसाठी इंटरनेट खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमने, आणि तेही आधी मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथेच.

पत्ते बदलण्याचे हे किचकट काम करणारा 'सेंडमेल' नावाचा प्रोग्राम अमेरिकेत बर्कली येथे एरिक ऑलमन यांनी लिहिला. त्याच्या नियमांची भाषा इतकी अवघड की भलेभले हात टेकत. १९९८ साली वीत्से वेनेमा या डच गृहस्थांचा 'पोस्टफिक्स' आला आणि काम सोपे झाले. तो फुकट मिळतो, जुन्या संगणकावरही चालतो. खाली जे सांगत आहोत ते पोस्टफिक्स धरूनच.

बदल कोठे करायचा

पत्ते आम्ही येथे देवनागरीत लिहीत आहोत. संगणकात ते रोमन अक्षरांत घालायचे, आणि पोस्टफिक्सच्या नियमांच्या नावात दोन शब्दांच्या मध्ये खालची रेघ द्यायची. समजा आपण 'आमचेदुकान.इन' असे डोमेन घेतले आहे. (डोमेन नसेल तर आधी ते घ्यावे. दुसऱ्याच्या मोफत पत्त्यावर पेढी चालवणे म्हणजे भाड्याच्या पाटीवर दुकान चालवणे होय.)

पहिला प्रकार सर्वांत सोपा. दुकानातील संगणकांची नावे 'काउंटर.आमचेदुकान.इन', 'गोदाम.आमचेदुकान.इन' अशी रीतसर ठेवलेली असतील तर पोस्टफिक्सच्या मुख्य फाइलमध्ये 'मास्करेड डोमेन्स' या नियमापुढे 'आमचेदुकान.इन' एवढे लिहावे. मग कोणत्याही संगणकावरून मेल निघाला तरी मधले 'काउंटर' किंवा 'गोदाम' गळून पडते आणि बाहेरच्याला 'हिशेब@आमचेदुकान.इन' एवढेच दिसते. मास्करेड म्हणजे मुखवटा. नाव ऐकून दचकू नये, हा आपल्याच दुकानाचा चेहरा आहे.

संगणकांची नावे 'गोदाम.लोकल' अशी कशीही ठेवलेली असतील, किंवा प्रोग्राम 'रूट' नावाने मेल पाठवत असेल, तर मुखवट्याने भागत नाही. तेथे यादी लागते. डावीकडे आतला पत्ता, उजवीकडे बाहेरचा. ही यादी दोन ठिकाणी लावता येते आणि त्या दोहोंतला फरक नीट लक्षात घ्यावा, कारण पुढची सगळी डोकेदुखी त्यावर अवलंबून आहे.

'सेंडर कॅनॉनिकल मॅप्स' या नियमाखाली लावली तर मेल सर्व्हरमध्ये शिरताच पाठवणाऱ्याचे नाव बदलते. दुकानातल्या दुकानात जाणाऱ्या मेलवरही नवेच नाव दिसते. 'एसएमटीपी जेनेरिक मॅप्स' या नियमाखाली लावली तर आत सगळे जुन्याच नावाने चालते आणि मेल बाहेरच्या सर्व्हरकडे निघतो त्या क्षणी, म्हणजे अगदी उंबऱ्यावर, नाव बदलते. गोदामातील संगणकाने 'डिस्क भरली' असा इशारा मालकाला पाठवला तर तो कोणत्या संगणकाचा हे मालकाला कळले पाहिजे, पण बाहेरच्या गिऱ्हाइकाला त्याच्याशी काही देणेघेणे नाही. म्हणून केवळ सोयीचा विचार केला तर उंबऱ्यावरची पद्धत उत्तम. संपूर्ण 'गोदाम.लोकल'साठी एकच ओळ लिहायची तर डावीकडे '@गोदाम.लोकल' आणि उजवीकडे एक पत्ता द्यावा. मात्र विक्री आणि हिशेब यांचे पत्ते वेगळे ठेवलेले बरे, नाहीतर तगाद्याची उत्तरे काउंटरवरच्या पोराकडे जातात. यादी बदलली की 'पोस्टमॅप' ही आज्ञा देऊन ती संगणकाच्या वाचनात आणावी आणि मग 'पोस्टफिक्स रिलोड' करावे. पोस्टमॅप दिले नाही तर कागदावर नवी यादी आणि चालू जुनी, असा प्रकार होतो.

मोहर लावल्यानंतर पत्र उघडू नये

आता दुसरी बाजू. तुमचे नाव घालून मेल पाठवणे तुम्हाला जितके सोपे, तितकेच चोरालाही. ई-मेलचा मूळ कायदा असा भोळा होता की 'फ्रॉम'मध्ये कोणीही काहीही लिहावे. म्हणून पुढे तीन बंदोबस्त आले. पहिला एसपीएफ. आमचे टपाल अमुक सर्व्हरवरूनच निघते अशी जाहीर नोंद आपल्या डोमेनपुढे करायची. ट्रान्सपोर्टवाल्याचे नाव आधीच कळवून ठेवावे तसे. हा बंदोबस्त लिफाफ्यावरचा पत्ता पाहतो. दुसरा डीकेआयएम. ही मोहर. तिची किल्ली आपल्याकडे गुप्त राहते आणि मोहर ओळखण्याचा नमुना डोमेनपुढे जाहीर असतो. तिसरा डीमार्क, म्हणजे मोहर किंवा वाहक जुळला नाही तर मेलचे काय करायचे ही सूचना, आणि जे जुळले ते 'फ्रॉम'मधल्या डोमेनशीही जुळले पाहिजे ही अट. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी पहिल्या दोहोंपैकी एक तरी सर्वांसाठी आवश्यक केले, आणि दिवसाला ५,००० हून अधिक मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही. आपल्यापैकी कोणी इतके मेल पाठवत नाही, तरीही तिन्ही करून ठेवावेत. नोंदी मोफत आहेत, अर्ध्या तासाचे काम आहे.

मोहरेची गोष्ट आपल्या वाचकांना नवी नाही. बादशहांना पत्रे पाठवायची वेळ आली तेव्हा मोहर नसलेले पत्र ते स्वीकारत नाहीत असे हुजूर (सल्ल.) यांना सांगण्यात आले. तेव्हा त्यांनी चांदीची अंगठी करवून घेतली, तिच्यावर तीन ओळींत नाव कोरले गेले, आणि तशीच अक्षरे इतर कोणी आपल्या अंगठीवर कोरू नयेत असे फर्मावले. पुढे ती अंगठी हजरत अबूबक्र, हजरत उमर आणि हजरत उस्मान (रजि.) यांच्याकडे आली आणि हजरत उस्मान (रजि.) यांच्या काळात अरीसच्या विहिरीत पडली, पुष्कळ शोधूनही सापडली नाही. मोहर एकाच हाती असावी आणि तिची नक्कल होऊ नये, हा सगळा बंदोबस्त डीकेआयएममध्ये जसाच्या तसा आहे. गुप्त किल्लीची फाइल काउंटरवरच्या संगणकात ठेवू नये. किल्ली २०४८ बिटची घ्यावी.

आणि येथेच वर सांगितलेला फरक आडवा येतो. मोहर लावताना 'फ्रॉम'ची ओळ मोहरेच्या हिशेबात धरलेलीच असते. मोहरेनंतर त्या ओळीतले एक अक्षर जरी बदलले तरी समोरचा सर्व्हर मोहर फुटलेली समजतो. पोस्टफिक्समध्ये मोहर लावणारा प्रोग्राम, बहुधा ओपनडीकेआयएम, मेल आत असतानाच काम करतो. मुखवटा आणि कॅनॉनिकल यादी त्याच्या आधी लागतात. जेनेरिक यादी मात्र उंबऱ्यावर, म्हणजे मोहरेनंतर लागते. तेव्हा आपल्याच सर्व्हरवर मोहर लावत असाल तर जेनेरिक यादीने 'फ्रॉम' बदलू नका. बदल आधी, मोहर नंतर. त्यासाठी आतल्या मेलवरही नवे नाव दिसेल ही गैरसोय सोसावी लागते, ती सोसावी.

मेल थेट न पाठवता सेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरमार्फत पाठवत असाल आणि मोहर तीच लावत असेल तर जेनेरिक यादी बिनधास्त वापरता येते, कारण मोहर आपल्या उंबऱ्यापलीकडे लागते. आमचे मत विचाराल तर वर्ध्यासारख्या गावी हाच मार्ग बरा. दुकानाच्या ब्रॉडबँडचा आयपी पत्ता बदलत राहतो आणि अशा पत्त्यावरून थेट आलेला मेल बहुतेक मोठे सर्व्हर घेतच नाहीत. पोस्टफिक्समध्ये 'रिलेहोस्ट' म्हणून कंपनीचा सर्व्हर व ५८७ क्रमांकाचे पोर्ट लिहून द्यावे. पण मोफत जीमेल खात्यामार्फत पाठवणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे. तुम्ही 'फ्रॉम'मध्ये दुकानाचा पत्ता घातला आणि तो पत्ता त्या खात्यात आधी पडताळून जोडलेला नसेल, तर जीमेल तुमचे नाव पुसून खात्याचाच पत्ता घालते. तुम्ही बदललेले हेडर वाटेत पुन्हा बदलले जाते.

गाठीवरची खूण

हिंगणघाटचा कापूस एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बाजारात नावाजलेला होता. ज्या मालाचे नाव मोठे, त्या नावाची चोरीही मोठी, हे तेव्हाही खरे होते. कापसातील भेसळ आणि फसवणूक रोखण्यासाठी मुंबई सरकारने १८६३ सालीच कायदा केला होता. पुढे १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कायद्याने प्रत्येक गाठीवर अनुक्रमांक आणि प्रेसची खूण घालणे बंधनकारक केले. गाठ हजार मैल गेली तरी ती कोणत्या प्रेसमधून निघाली हे सांगता यावे, हा हेतू.

मेलच्या हेडरमध्येही अशा खुणा असतात. वाटेतला प्रत्येक सर्व्हर वरच्या बाजूला 'रिसीव्हड' अशी एक ओळ जोडतो, त्यात वेळ आणि कोणाकडून घेतले ते असते. खालून वर वाचत गेले की मेलचा सारा प्रवास कळतो. तुमच्या दुकानातल्या पहिल्या टप्प्याची ओळही त्यात असते, आणि तिच्यात गोदामातील संगणकाचे नाव व आतला आयपी पत्ता जगाला दिसतो. काही जण ती ओळ काढून टाकतात. आमची हरकत नाही, गोदामाचा नकाशा रस्त्यावर लावायची गरज नसते. पण ती काढताना दोन गोष्टी पाळाव्यात. एक, फक्त आपल्या आतल्या पत्त्याची ओळ गाळावी, सरसकट सर्व 'रिसीव्हड' ओळी गाळू नयेत. मेल दोन सर्व्हरांमध्ये गोल फिरत राहिला तर तो याच ओळी मोजून ओळखता येतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पोस्टफिक्समध्ये 'हेडर चेक्स' आणि 'एसएमटीपी हेडर चेक्स' असे दोन नियम आहेत. पहिला येणाऱ्या मेललाही लागतो. तेथे 'रिसीव्हड' गाळायला सांगितले तर तुमच्याकडे आलेल्या मेलच्याही खुणा पुसल्या जातात, आणि उद्या कोणी सुरतच्या पेढीच्या नावाने 'आमचे बँक खाते बदलले आहे, रक्कम नव्या खात्यात भरा' असा बनावट मेल पाठवला तर पोलिसांना दाखवायला तुमच्याकडे काहीच उरत नाही. बाहेर जाणाऱ्या मेलसाठी दुसराच नियम वापरावा. 'रिसीव्हड' ओळी सहसा मोहरेत धरत नाहीत, त्यामुळे उंबऱ्यावर गाळल्या तरी मोहर फुटत नाही. 'मेसेज-आयडी' आणि तारीख मात्र कधीही बदलू नये. तो तुमचा जावक क्रमांक आहे.

आपल्या एका बांधवाने आम्हाला विचारले की हेडरमधले नाव बदलणे ही तद्लीस नाही का, म्हणजे गिऱ्हाइकापासून काही लपवणे? आमच्या समजुतीप्रमाणे नाही. मालातला दोष लपवणे ही तद्लीस. येथे पाठवणारा तोच, पेढी तीच, जबाबदारी तीच. उलट जे नाव बाजाराला ठाऊक आहे तेच आपण पुढे करतो. कायद्याची दृष्टीही अशीच आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ११ नुसार आपण नेमलेल्या संगणकाने आपोआप पाठवलेला मजकूरही आपलाच धरला जातो. म्हणजे 'ते तर मशीनने पाठवले' असे म्हणून भावातून मागे फिरता येत नाही. दुसऱ्याचे नाव घालून मेल पाठवून फसवले तर कलम ६६ डी आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. अशा फसवणुकीत रक्कम गेली असेल तर तासाभराचाही उशीर न करता १९३० या क्रमांकावर फोन करावा, पैसे पुढे सरकण्याआधी खाते गोठवता येण्याची शक्यता तेव्हाच असते. आणि खाते बदलल्याचा मेल कितीही खरा दिसला, मोहर शाबूत असली, तरी जुन्या फोन नंबरवर बोलल्याशिवाय रुपया हलवू नये. त्या पेढीचा पासवर्डच चोरीला गेला असेल तर चोर खऱ्या मोहरेनिशी लिहितो.

आमच्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्यांना हौस असते की पेढीचे नाव उर्दूत किंवा मराठीत दिसावे. ते जमते. पत्त्याच्या आधी जे नाव दिसते ते कोणत्याही लिपीत देता येते. फक्त हेडरमध्ये ते एका सांकेतिक रूपात जाते आणि समोरच्या पडद्यावर पुन्हा आपल्या लिपीत उघडते. म्हणून यादीतून ते नाव बदलायला जाऊ नये, हिशेबाच्या प्रोग्राममध्येच भरावे. खुद्द पत्ताही आपल्या लिपीत असू शकतो. २०१४ पासून '.भारत' हे डोमेन देवनागरीत मिळते आणि पोस्टफिक्सला २०१५ पासून असे पत्ते समजतात. पण समोरच्या कचेरीचा जुना सर्व्हर ते घेईलच असे नाही. तूर्त बिलांसाठी रोमन पत्ता ठेवावा आणि आपल्या लिपीतला जोडीला.

सगळे लावून झाले की एक बिल आपल्याच जीमेल खात्यावर पाठवावे. ते मोबाइलवर नव्हे तर संगणकावर उघडून कोपऱ्यातील तीन ठिपक्यांखालचे 'शो ओरिजिनल' दाबावे. वरच एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क अशा तीन ओळी दिसतात. तिन्हींपुढे 'पास' पाहिजे. खाली 'रिटर्न-पाथ' आणि 'फ्रॉम' दोन्हींत 'आमचेदुकान.इन' आहे ना ते पाहावे, आणि 'लोकल' हा शब्द शोधून पाहावा. हीच तपासणी हिशेबाच्या प्रोग्राममधून, काउंटरवरून आणि गोदामातून अशी तीनदा करावी, कारण प्रत्येक संगणक वेगळे नाव लावत असतो. मग मुद्दाम एका चुकीच्या पत्त्यावर एक मेल सोडावा आणि नकाराची चिठ्ठी कोणाकडे येते ते पाहावे. ती जुन्या संगणकातल्या 'रूट'च्या पेटीत पडत असेल तर 'अलायसेस' या फाइलमध्ये 'रूट'पुढे हिशेबनिसाचा रोजचा पत्ता लिहून 'न्यूअलायसेस' ही आज्ञा द्यावी, आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात ही चाचणी पुन्हा एकदा करून घ्यावी.